मोजे काढून पाहणारी बाई

आजचा इतिहास परक्या घरी वाढलेल्या लेकरांचा आहे, आणि तो बराचसा इंग्लंडमधला आहे. एवढ्या लांबचं का सांगते, असं वाटेल. आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या घरात आज नणंदेचं, भावाचं, गेलेल्या लेकीचं मूल वाढतंय. काहींना त्यासाठी बालसंगोपन योजनेचे पैसे मिळतात. मग कोणीतरी घरी येतं, मुलाला बघतं, प्रश्न विचारतं, कागदावर लिहितं. हे येणं-बघणं आपल्याला टोचतं. पण जगात जिथे हे बघणं राहून गेलं तिथे काय झालं, ते आज ऐका.

दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये अनाथ, टाकलेली, कंगाल घरची मुलं ‘वर्कहाउस’ नावाच्या सरकारी इमारतींत ठेवत. म्हातारे, आजारी, निराधार बायका, तान्ही पोरं, सगळे तिथेच. १८७० साली सरकारने परवानगी दिली की यातल्या काही मुलांना खेड्यातल्या कुटुंबांत ठेवा, कुटुंबाला दर आठवड्याला पैसे द्या, आणि देखरेखीसाठी त्या त्या भागातल्या लोकांच्या समित्या करा. समितीत बहुतेक सुखवस्तू घरच्या बायका असत. मनाने चांगल्या होत्या त्या. पण पाहुणी येणार म्हटल्यावर घरातल्या मुलाला काय करतात ते आपल्याला ठाऊक आहे. तोंड धुतात, भांग पाडतात, धुवट कपडे घालून पुढे उभं करतात. पाहुणी म्हणते, ‘छान आहे हो’, आणि जाते.

१८८५ साली या कामावर सरकारने एक बाई निरीक्षक नेमली, मिस मेसन. अशा कामावर सरकारी नोकरीत बाई, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. या बाईंची एक सवय होती. त्या मुलाचे बूट आणि मोजे काढायला लावत आणि पाय बघत. गरज वाटली तर अंगावरचे कपडेही काढून बघत. तोंड पाच मिनिटांत धुता येतं, पण महिनाभर न धुतलेले पाय, बुटाने कापलेली टाच, थंडीने फुटलेली बोटं पाच मिनिटांत लपवता येत नाहीत. कपड्याखालचे वळ तर नाहीच नाही. खेड्यातलं कुटुंब चांगलं मिळालं तर मुलाचं सोनं होतं, हे त्या मानत. पण कसून बघणारं कोणी नसेल, तर मूल परक्या घरी ठेवण्याइतकी वाईट पद्धत नाही, असंही त्या ठासून सांगत. पंचवीस वर्षं हे काम करून १९१० मध्ये त्या निवृत्त झाल्या.

मला या बाईंचं फार कौतुक वाटतं. पायाकडे बघायचं हे शिकायला कुठली पदवी लागते? आपली अंगणवाडीताईसुद्धा मुलाचं वजन करताना नखं बघते, कानामागे बघते. ते लिहून कुठे ठेवत नाही, एवढंच.

आता मधली तीस वर्षं सोडून देते आणि दुसऱ्या महायुद्धावर येते.

१९३९ साली युद्ध सुरू होणार हे दिसत होतं. लंडनसारख्या मोठ्या शहरांवर विमानातून बॉम्ब पडतील म्हणून सरकारने ठरवलं की मुलांना खेड्यांत हलवायचं. १ सप्टेंबर १९३९ ला सुरुवात झाली. तीन-चार दिवसांत जवळजवळ १५ लाख माणसं शहरांतून हलवली. त्यात ८ लाखांहून जास्त शाळकरी मुलं होती, आईबापांशिवाय, शिक्षकांबरोबर. आगगाड्या, बसगाड्या भरभरून निघाल्या. मुलाच्या गळ्यात विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा, हातात छोटी बॅग, आणि कोटाला नावाची चिठ्ठी बांधलेली. बाजार समितीत पोत्याला चिठ्ठी लावतात ना, तशी.

मुलं गावात उतरली की शाळेत नाहीतर सभागृहात रांगेने उभी करत. गावकरी येत आणि निवडत. ‘ही मुलगी द्या, कामाला बरी दिसते.’ ‘तो धट्टाकट्टा मुलगा मला.’ बैलबाजार बघितलेल्या बाईला यापुढचं सांगायला नको. नीटनेटकी, गोरीगोमटी, मोठी मुलं पटकन गेली. शेंबडी, फाटक्या कपड्यांतली, आणि बहिणीचा हात सोडायला तयार नसलेली मुलं संध्याकाळपर्यंत तिथेच. घरात मूल घेणाऱ्याला सरकार पैसे देत होतं. एका मुलाला आठवड्याला साडेदहा शिलिंग, एकापेक्षा जास्त घेतली तर प्रत्येकी साडेआठ. पैशाची सोय झाली होती, रेल्वेचं वेळापत्रक तर चोख होतं. मुलाला कोण काय सांगणार, याची सोय कोणी केली नव्हती.

बॉम्ब पडायला वेळ होता, पण मुलं त्याआधीच कोसळली. कितीतरी मोठी मुलं रात्री अंथरूण ओलं करू लागली. गावातल्या बाया चिडल्या, शहरातली पोरं घाणेरडी म्हणून वर्तमानपत्रांत तक्रारी झाल्या. काही मुलं पळून गेली, काही चोऱ्या करू लागली, काहींनी बोलणंच सोडलं. १९४० च्या जानेवारीपर्यंत जवळजवळ निम्मी माणसं पुन्हा शहरात परतली होती. बॉम्बची भीती परवडली, पण हे नको, असं आयांना वाटलं.

केंब्रिज गावात सुसान आयझॅक्स या बालशिक्षणातल्या जाणत्या बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एक साधी गोष्ट केली. लंडनहून आलेल्या मुलांनाच विचारलं की इथे तुम्हाला काय आवडतं आणि कशाची उणीव वाटते, ते लिहा. १९४१ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. मुलांना घराची, माणसांची ओढ किती घट्ट असते हे त्यात दिसलं. भावंडं एकत्र ठेवावीत, आईबापांचं येणं-जाणं सोपं करावं, मूल आणि घर यांची जोडी विचार करून लावावी, असं त्यांनी सांगितलं. आज वाचताना वाटतं, यात नवीन काय? पण १ सप्टेंबरला हे कोणाच्या यादीत नव्हतं.

जी मुलं कुठल्याच घरात टिकेनात त्यांच्यासाठी ऑक्सफर्डशायर जिल्ह्यात वसतिगृहं काढली. तिथे पस्तिशीतली एक समाजसेविका काम करू लागली. पुढे त्या क्लेअर विनिकॉट या नावाने ओळखल्या गेल्या. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. रोजची ये-जा, वसतिगृहातल्या माणसांची समजूत, मुलांशी बोलणं हे क्लेअरबाईंकडे. त्यांना एक गोष्ट कळली. नव्या घरात येणारं मूल रिकामं येत नाही. त्याच्या मागे एक घर असतं, आई असते, मांजर असतं, शेजारची मैत्रीण असते. नव्या घरातली माणसं दया म्हणून त्या सगळ्याचा विषय काढत नाहीत. ‘कशाला आठवण करून द्यायची, विसरेल हळूहळू.’ आपणही हेच म्हणतो. पण मुलाला वाटतं, ज्या गोष्टीबद्दल कोणीच बोलत नाही ती काहीतरी लाजेची असणार. माझ्यामुळेच झालं असणार. म्हणून मुलाचं जुनं घरही पाहिलेलं आणि नवंही पाहिलेलं असं एक माणूस हवं, जे दोन्हीकडे जात-येत राहील. ते माणूस म्हणजे पूल. मूल रडलं तर रडू देणं आणि तिथून उठून न जाणं, हेसुद्धा त्या कामाचा भाग मानत. समाजसेवेत हे सर्वांत अवघड आहे. खाऊ देणं सोपं असतं.

आता जे सांगणार आहे ते ऐकवत नाही, तरी सांगते.

वेल्समधल्या न्यूपोर्ट गावचे डेनिस आणि टेरेन्स ओ’नील हे भाऊ. घरची हलाखी, हेळसांड, म्हणून न्यायालयाने मुलांना न्यूपोर्टच्या नगरपालिकेच्या ताब्यात दिलं होतं. १९४४ च्या जून-जुलैमध्ये या दोघांना शेजारच्या श्रॉपशायर जिल्ह्यात एका आडबाजूच्या शेतावर, गॉफ नावाच्या नवरा-बायकोकडे ठेवलं. आधीची जागा सोडायची होती म्हणून घाई होती. गॉफची चौकशी नीट झाली नाही. मुलांची डॉक्टरी तपासणी व्हायला हवी होती, तीही नाही. देखरेख कोणी करायची याचा दोन कार्यालयांत घोळ राहिला. युद्धाचे दिवस, माणसं कमी. हे सगळं नंतरच्या चौकशीत बाहेर आलं.

२० डिसेंबर १९४४ ला न्यूपोर्टहून एक कर्मचारी बाई शेवटी तिथे पोचल्या. डेनिस आजारी आणि घाबरलेला दिसतोय, मुलांना इथून हलवावं, असं त्यांनी कळवलं. मग नाताळच्या सुट्ट्या आल्या. कागद राहिला.

९ जानेवारी १९४५ ला डेनिस मेला. तेरावं वर्षही पुरं झालं नव्हतं. छातीवर मार होता, पाठीवर काठीचे वळ होते, वजन वयाच्या मानाने फारच कमी. आणि पाय? पायांवर पू झालेल्या जखमा होत्या, थंडीने कातडी फुटलेली होती. मोजे काढले असते तर दिसलं असतं. साठ वर्षांपूर्वी एक बाई ते करत होती.

धाकट्या टेरेन्सने न्यायालयात सगळं सांगितलं. दूधदुभत्याच्या त्या शेतावर मुलांच्या वाट्याला ब्रेडचे तुकडे आणि चहा होता. गॉफला सहा वर्षांची शिक्षा झाली, त्याच्या बायकोला सहा महिने. टेरेन्स मोठा झाला, म्हातारा झाला आणि २०१० मध्ये त्याने स्वतःचं पुस्तक लिहिलं. आपला कार्यक्रम रेडिओचा आहे म्हणून एक सांगते. अगाथा ख्रिस्ती या प्रसिद्ध लेखिकेने या प्रकरणावरून १९४७ मध्ये रेडिओसाठी एक श्रुतिका लिहिली. त्याचंच पुढे नाटक झालं, ‘द माउसट्रॅप’. १९५२ पासून ते लंडनमध्ये चालू आहे. बघणाऱ्यांतल्या किती जणांना डेनिस माहीत असेल, कोण जाणे.

डेनिसच्या मरणाने देश हलला. त्याआधीच, १९४४ च्या जुलैमध्ये, लेडी अ‍ॅलन या बाईंनी ‘टाइम्स’ वर्तमानपत्रात पत्र लिहून आश्रमांतल्या आणि परक्या घरांतल्या मुलांची चौकशी करा म्हणून धोशा लावला होता. डेनिसच्या प्रकरणाची चौकशी सर वॉल्टर मॉन्क्टन यांनी केली, आणि सगळ्याच निराधार मुलांसाठी एक समिती बसली. अध्यक्ष होत्या मायरा कर्टिस. समितीने देशभर फिरून आश्रम पाहिले, घरं पाहिली. आईबापांच्या घराबाहेर वाढणारी सव्वा लाख मुलं त्यांनी मोजली. १९४६ मध्ये अहवाल आला. त्यात मला दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात.

एक, मुलाची जबाबदारी पाच खात्यांत वाटून ठेवू नका. प्रत्येक जिल्ह्यात एकच अधिकारी असावा, जो त्या मुलांना नावाने ओळखेल, स्वतः जाऊन भेटेल. या अधिकाऱ्याबद्दल लिहिताना समितीने ‘ती’ असंच लिहिलं आहे. पुरुष नकोत असं नाही, पण या कामाला योग्य माणसं बहुधा बायकाच असतील, असा खुलासाही केला आहे. आणि झालंही तसंच. १९४८ मध्ये बालकांचा कायदा आला, जिल्ह्याजिल्ह्यांत बालविभाग निघाले, आणि त्यांच्या प्रमुखपदी पुष्कळ बायका आल्या. त्या काळी इतक्या वरच्या जागेवर बायका दुसऱ्या कुठल्याच सरकारी खात्यात नसतील.

दुसरी गोष्ट, या कामाचं शिक्षण हवं. माया आहे म्हणून काम जमेल असं धरून चालू नये. १९४७ पासून लंडनमध्ये असा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि तो चालवायला कोण? क्लेअरबाई. वसतिगृहांत जे कळलं होतं ते त्यांनी शिकवलं.

पुढचं एकच उदाहरण देते, कारण ते आपल्याला घरी करण्यासारखं आहे. १९६०च्या दशकात जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या जोडप्याने चार लहान मुलांना काही दिवस स्वतःच्या घरी सांभाळलं. मुलं दीड ते अडीच वर्षांची. त्यांच्या आया बाळंतपणासाठी दवाखान्यात होत्या. दहा दिवसांपासून सत्तावीस दिवसांपर्यंत मुलं राहिली. रॉबर्टसन यांनी काय केलं? मुलाला आधी आईबापांबरोबर आपल्या घरी बोलावलं, एकदा नाही, अनेकदा. त्याच्या खाण्याच्या, झोपण्याच्या सवयी विचारून घेतल्या. येताना त्याची गोधडी, खेळणं, आईचा फोटो आणायला सांगितला. रोज आईचा विषय काढला. मुलं हिरमुसली, रुसली, पण मोडली नाहीत. आई परतल्यावर तिच्याकडे गेली. त्याच सुमारास त्यांनी जॉन नावाच्या दीड वर्षाच्या मुलाचीही फिल्म केली. त्याला नऊ दिवस पाळणाघरात ठेवलं होतं, जिथे दाया सारख्या बदलत. मारहाण नाही, उपासमार नाही. दाया तरुण होत्या, प्रेमळ होत्या. पण त्याची अशी एकही नव्हती. नवव्या दिवशी आई न्यायला आली तेव्हा तो तिच्याकडे जाईना, अंग झोकून देऊन रडत राहिला.

आपल्याकडे यशोदेची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्याचं लेकरू पदरात घेणं ही आपल्याला नवी गोष्ट नाही. पण कृष्ण यशोदेच्या कुशीत आला तो जन्मला त्याच रात्री. त्याला आठवायला मागे काही नव्हतं. आपल्या घरी येणारं मूल सहा वर्षांचं असतं, दहा वर्षांचं असतं. कोरोनात आई गेली ती त्याने डोळ्यांनी बघितलेली असते, नाहीतर बघूही दिलेली नसते. त्याला ‘आई देवाघरी गेली, आता काकूलाच आई म्हण’ असं पहिल्याच दिवशी सांगतात. काकूला आई म्हणायचं की नाही, ते त्याला ठरवू द्यावं.

आपल्याकडे २०१५ चा बालन्याय कायदा आहे. त्यात परक्या कुटुंबात मूल ठेवण्याबद्दल ४४ वं कलम आहे. भावंडं शक्यतो एकत्र ठेवावीत, आईवडील हयात असतील तर त्यांना भेटता यावं, आणि बालकल्याण समितीने दर महिन्याला घराची पाहणी करावी, असं त्यात लिहिलं आहे. केंब्रिजच्या मुलांनी जे लिहून दिलं, डेनिसच्या बाबतीत जे राहून गेलं, तेच इथे कलमात आलेलं दिसतं. आपल्या राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना बहुतेक नातेवाइकांकडे किंवा एकट्या पालकाकडे वाढणाऱ्या मुलांना आधार देते. आधी महिन्याला ४२५ रुपये होते, मग ११०० झाले, आता २२५० आहेत. आदेश बालकल्याण समितीचा लागतो आणि गृहभेटीचा अहवालही.

या गृहभेटीवरून एका गटाच्या बैठकीत वाद झाला होता. एक आजी म्हणाल्या, ‘माझ्या लेकीची पोरं मी सांभाळते, मलाच चोरासारखं का तपासता?’ त्यांचा राग खोटा नव्हता. सत्तरीच्या वयात त्या पहाटे उठून दोन डबे करतात. पण भेट त्यांच्यावर संशय म्हणून नसते. आजींच्या घरी ती पाच मिनिटांत संपेल. ज्या घरी ती पाच मिनिटांत संपू नये, ते घर आधी ओळखायचं कसं, हा प्रश्न आहे. म्हणून सगळ्यांकडे जावं लागतं. आणि खरं सांगायचं तर माझी तक्रार उलट आहे. काही ठिकाणी भेट कागदावरच होते. फोटो काढला, सही घेतली, झालं. मुलाशी एकट्याने कोणी बोलतच नाही. सगळे घरचे समोर बसलेले असताना ‘खूश आहेस ना बाळा?’ विचारलं तर मूल दुसरं काय म्हणणार?

त्याच गावात दोन बहिणी होत्या. आई गेल्यावर मोठी मामाकडे, धाकटी चुलत्याकडे, असं नातेवाइकांनी वाटून घेतलं. दोन्ही घरं भली होती. धाकटी दर शनिवारी शाळा सुटली की एस.टी. स्टँडवर जाऊन बसायची. कोणाच्या तरी लक्षात आलं की बहिणीच्या गावची गाडी तिथून सुटते. मग गटातल्या बायांनी दोन्ही घरांशी बोलून दर दुसऱ्या शनिवारी एकीला दुसरीकडे पोचवायचं ठरवलं. भाडं अर्धं अर्धं. हे काही योजनेत लिहिलेलं नाही.

तुमच्या गावात ग्राम बाल संरक्षण समिती असेलच. सरपंच, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील तिच्यात असतात. तिची बैठक शेवटची कधी झाली, ते विचारा. नवीन मूल एखाद्या घरी आलं असेल तर गटातल्या एकीने त्याच्याशी ओळख करून घ्यावी, आणि ती एकच असावी, दर वेळी नवी नको. मूल येताना जुन्या घरून काय आणलंय ते विचारा. काही आणलं नसेल तर अजून आणता येतं का बघा. आईची साडी, शाळेचा फोटो, काहीही. एखाद्या मुलाला मार बसतोय, उपाशी ठेवतायत असं वाटलं तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, दिवसा-रात्री चालतो, पैसे लागत नाहीत. आणि बालसंगोपनचा अर्ज ज्यांनी अजून भरलेला नाही त्यांनी मुलाचा जन्माचा दाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, आईवडिलांचा मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स घेऊन पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला यावं. सोबत मुलालाही आणावं.